खिडकी क्रमांक तीन : ‘आम्ही दुकान चालवत नाही!’

फी भरायच्या खिडकीमागे माझी एकोणतीस वर्षं गेली. पहिली सहा अनुदानित कॉलेजात, नंतरची सगळी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात. ज्युनिअर क्लार्क म्हणून बसले, रजिस्ट्रार म्हणून उठले. म्हणून या सदराचं नाव ‘खिडकी क्रमांक तीन’. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकमेकांची भावंडं वाटली, ती एकत्रच घेते. पहिलं पत्र बार्शीच्या एका वडिलांचं.

माझं बार्शीत हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगी विनाअनुदानित कॉलेजात सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फी १,१२,००० रुपये. ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ शिकवणारे सर सत्राच्या मध्येच सोडून गेले. सहा आठवडे तास नाही. शेवटी दुसऱ्या सरांनी पीपीटी व्हॉट्सअॅपवर टाकल्या आणि पोर्शन संपला म्हणून जाहीर केलं. विचारायला गेलो तर प्राचार्य म्हणाले, ‘हे विद्येचं मंदिर आहे, आम्ही दुकान चालवत नाही.’ माझ्या दुकानातून नेलेली मोटार आठ दिवसांत जळाली तर मी बदलून देतो. ताई, आम्ही ग्राहक आहोत की नाही? — एक वडील, बार्शी

दादा, आधी कोरडं उत्तर देते. कायद्याच्या लेखी नाही.

बिहारमध्ये परीक्षा मंडळाने दोन मुलांना एकच रोल नंबर दिला आणि एकाचा निकाल अडकला. तो ग्राहक मंचात गेला, तिथे जिंकलाही. पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षा घेणं ही विकलेली सेवा नाही आणि परीक्षा शुल्क हा तिचा मोबदला नाही. पुढच्याच वर्षी रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठाच्या खटल्यात विद्यार्थिनीला तेच ऐकावं लागलं. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तर शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याबाहेरच असल्याचं सांगितलं. त्यावरचं अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दाखल करून घेतलं, तेव्हा विषय कायमचा मिटला असं समजू नका. पण आज वकिलाची फी भरून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ नका, एवढं नक्की सांगते.

आता प्राचार्यांच्या वाक्याकडे येऊ. ते मी खिडकीच्या आतल्या बाजूने इतक्या वेळा ऐकलंय की मला पाठ झालंय. बोलणं संपवायला ते वापरतात. खरं तर बोलणं तिथून सुरू व्हायला हवं.

दुकान नाही म्हणजे काय? मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली, ती ट्रस्टना आणि संस्थांना. डोनेशनचा बाजार भरला म्हणून १९८७ मध्ये कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा राज्यात आला. पुढे २००२ आणि २००५ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने रेघ आखून दिली : संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवा, नफेखोरी नको. २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आलं. तुमच्या मुलीची १,१२,००० रुपये फी कुणी मनात आणून छापलेली नाही. कॉलेजने दाखवलेला ऑडिट झालेला खर्च बघून ती मंजूर होते, आणि त्या खर्चातला सगळ्यात जाड आकडा असतो शिक्षकांच्या पगाराचा.

फी मंजुरीची ती फाईल मी सात वर्षं तयार केली आहे. पगारपत्रक, वीजबिल, लायब्ररीची बिलं, लॅबचे सुटे भाग, सगळं टॅग लावून. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे एआयसीटीईचं (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं) प्रमाण कागदावर बसवायचं असे. तपासणी समिती यायच्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये खुर्च्या कमी पडायच्या, शिपाई सेमिनार हॉलमधून आणून लावायचा. समितीची गाडी गेटबाहेर पडली की दुसऱ्या दिवशी तोच शिपाई त्या परत नेऊन ठेवायचा. मी बघत होते आणि टॅग लावत होते, हेही लिहून टाकते.

तर दादा, दुकानदाराला नफा कमवायची मोकळीक आहे आणि त्या बदल्यात माल बदलून द्यायची जबाबदारी आहे. कॉलेजला ती मोकळीकच नाही. ‘शिकवायला इतका खर्च येतो’ असं लिहून देऊन त्याने फी मंजूर करून घेतलेली असते. मग ज्याच्या पगाराच्या हिशोबावर फी ठरते तो माणूस सहा आठवडे वर्गात नसेल, तर तुमचा प्रश्न गिऱ्हाइकाच्या प्रश्नापेक्षा जड आहे. गिऱ्हाइकाला फार तर पैसे परत मिळतात. सहा आठवड्यांचे पैसे परत घेऊन तुमच्या मुलीचं काय भलं होणार? पुढच्या वर्षी तिला बीमचं डिझाईन करायचंय. शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या तिला काढता यायला हव्यात, आणि त्या पीपीटी बघून येत नाहीत.

म्हणून पैसे मागू नका, तास मागा. अर्ज मुलीच्या सहीचा हवा, तुमच्या नाही. वर्गातल्या आणखी पाच-दहा मुलांच्या सह्या मिळाल्या तर उत्तम. रागाची वाक्यं एकही नको. कुठल्या तारखांना तास झाला नाही, कुठले घटक राहिले, आणि सत्र संपण्याआधी किती जादा तास हवेत, बस. अर्ज कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीच्या नावे द्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या विनियमांप्रमाणे ही समिती असावीच लागते, तिने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे जाता येतं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा’ म्हणतील. मीही म्हणायची. शिक्का मारला की कागद जिवंत होतो, हे आतल्या माणसाला पक्कं माहीत असतं.

एवढं तुमच्या बाजूने बोलले, आता थोडं उलटं. एकदा एक गृहस्थ माझ्या टेबलावर चार सत्रांच्या पावत्या पत्ते मांडावेत तशा मांडून बसले होते. मुलाची हजेरी एक्केचाळीस टक्के, म्हणून टर्म ग्रँट झाली नव्हती, म्हणजे सत्र मंजूर नव्हतं. ‘एक रुपया बाकी नाही, मग परीक्षेला बसू देत नाही म्हणजे काय?’ फीचा हप्ता बाकी नाही म्हणजे हजेरीही बाकी नाही, असा त्यांचा हिशोब. त्यांनाही आम्हीच बिघडवलं होतं. प्रवेशाच्या वेळी रंगीत ब्रोशर, एसी बस, ‘शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’. तेव्हा आम्ही दुकान होतो. हजेरीच्या वेळी एकदम मंदिर झालो. दोन्ही डगरींवर हात ठेवायचा आणि समोरच्याने मात्र एकच डगर धरावी, असं कसं चालेल?

तरी ते गृहस्थ चुकलेच होते. तुमच्या दुकानात ओळंबा मिळतो ना? पैसे मोजून ओळंबा घरी नेता येतो, त्याने भिंत ओळंब्यात येत नाही. ती बांधणाऱ्याने रोज बघावी लागते. पावतीवर ज्या गोष्टी येतात त्यांचा हक्क पावती दाखवून मागा : तास, शिक्षक, लॅब, वेळेवर निकाल, अनामत रकमेचा परतावा. मार्क आणि हजेरी पावतीवर येत नाहीत.

आणि हा ‘ग्राहक’ शब्द मला का टोचतो, त्याचं माझं खासगी कारण आहे. २०१४ मधली गोष्ट. अक्कलकोटकडचा एक मुलगा, समाजकल्याणची शिष्यवृत्ती. सरकारकडून पैसे आले नव्हते, म्हणून त्याच्या नावावर ३८,००० दिसत होते. त्याला पुण्यात नोकरी लागली, रुजू व्हायला मूळ गुणपत्रकं हवी होती. मी म्हटलं, ‘नो ड्यूज आण.’ लायब्ररीची सही झाली, वर्कशॉपची झाली, हॉस्टेलची झाली, अकाउंट्सची होईना. तीन वेळा आला. तिसऱ्या वेळी खिडकीच्या फटीतून हात आत घालून त्याने फक्त फॉर्म परत मागितला. रुजू व्हायची तारीख गेली. फी देणारं सरकार होतं, म्हणजे तुमच्या हिशोबाने ग्राहक सरकार. मुलगा ग्राहक नव्हता, आमच्या वागण्यावरून विद्यार्थीही नव्हता. आमच्या यादीत त्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरात ‘बाकी’ लिहिलेलं होतं. आता मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेची स्पष्ट मनाई आहे, फी परत करण्याचे टक्केही तीत ठरवून दिलेत. तेव्हा मला कुणी अडवलं असतं तर बरं झालं असतं.

मुलगी इंग्लंडमध्ये एमएस्सी करतेय. तिथे म्हणे विद्यार्थी कायद्यानेच ग्राहक असतो. मग आपल्याकडेच एवढं सोवळं का? — एक आई, डोंबिवली

बरोबर ऐकलंत. तिथे सरकारी विद्यापीठांत १९९८ मध्ये वर्षाला १,००० पाउंडांपर्यंत फी सुरू झाली, २०१२ मध्ये कमाल मर्यादा ९,००० झाली. हे आकडे पदवी करणाऱ्या तिथल्या मुलांचे, बाहेरून आलेल्यांना अशी मर्यादा नाही, ते तुम्हाला मी काय सांगायचं! एवढी फी घेतल्यावर ग्राहक कायदा लांब ठेवता येईना. २०१५ मध्ये तिथल्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने विद्यापीठांना बजावलं की माहितीपत्रकात लिहाल ते पाळावं लागेल, अभ्यासक्रम परस्पर बदलता येणार नाही. हे मला आवडतं. आपल्याकडच्या ब्रोशरांना हा नियम लावला तर निम्मी पानं कोरी निघतील.

पण तिथेही ‘मला ५८ नाही, ६२ मार्क हवे होते’ ही तक्रार चालत नाही. तक्रारी ऐकणारं जे स्वतंत्र कार्यालय आहे, त्याला शैक्षणिक निर्णयात हात घालता येत नाही, तसं कायद्यातच लिहिलंय. म्हणजे आपल्या बार्शीच्या दादांना मी जी रेघ दाखवली ती तिकडेही साधारण तिथूनच जाते. मुलीला सांगा, प्रवेशाच्या वेळची विद्यापीठाची मेल आणि तेव्हाचं वेबपान पीडीएफ करून ठेव. भांडण होईल तेव्हा तेच कामाला येतं.

मुलगा अकरावीत आहे. ‘इंटिग्रेटेड’ म्हणून नाव कॉलेजात, मुक्काम क्लासात. दोन वर्षांचे २,४०,००० एकदम घेतले, तेही त्यांनीच जोडून दिलेल्या फायनान्स कंपनीच्या कर्जातून. तीन महिन्यांत मुलाला झेपेना. क्लासवाले पावतीच्या मागे छापलेलं ‘फी परत मिळणार नाही’ दाखवतात. इथेही आम्ही ग्राहक नाही का? — एक आई, नाशिक

ताई, इथे मात्र शंभर टक्के आहात. ज्या निकालात राष्ट्रीय आयोगाने कॉलेजांना बाहेर काढलं, त्याच निकालात कोचिंग क्लास म्हणजे शिक्षणसंस्था नव्हे असं सांगून त्यांना ग्राहक कायद्यात ठेवलंय. पावतीमागच्या बारीक अक्षरांना भिऊ नका. अशा अटी ग्राहक आयोगांनी अनेकदा एकतर्फी म्हणून बाजूला सारल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही तुमच्या बाजूच्या आहेत : मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात, दहा दिवसांत परत द्यायची. सूचना म्हणजे कायदा नव्हे, पण पत्रात त्यांचा उल्लेख जरूर करा.

क्रम असा ठेवा. क्लासला लेखी कळवा की अमुक तारखेपासून मुलगा येणार नाही. तारीख महत्त्वाची, कारण ‘उरलेला काळ’ तिथून मोजायचा. तीच प्रत फायनान्स कंपनीला द्या. पण हप्ता परस्पर थांबवू नका, सिबिल तुमचा बिघडतो, क्लासचा नाही. मग १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळदा तिथेच काम होतं. नाही झालं तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगात जा. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि दोन वर्षांच्या आत गेलं पाहिजे. हे सगळं मोठ्या माणसांचं काम आहे. मुलासमोर रोज रात्री त्या दोन लाख चाळीस हजारांचा हिशोब मांडू नका. पावती तुमच्या नावावर आहे, त्याच्या नाही.

मी परभणी जिल्ह्यात तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवते. दर सत्राच्या शेवटी मुलं मोबाइलवर फीडबॅक फॉर्म भरतात आणि त्या सरासरीवर पुढच्या सत्रात मला किती तास मिळणार ते ठरतं. मुलं उघड म्हणतात, ‘मॅडम, आयएमपी (परीक्षेला येणारे महत्त्वाचे प्रश्न) द्या, आम्ही पाच देतो.’ मी आता शिक्षिका आहे की विक्रेती? — सीएचबीवरची एक प्राध्यापिका

तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण दादांच्या प्रश्नाची ही दुसरी बाजू आहे. ग्राहक करायचं म्हणजे त्याला खूश ठेवायचं, आणि त्याचा पहिला बळी सीएचबीवरचा माणूस. कायम प्राध्यापकाला दोन गुण मिळाले तर तो कपाळाला आठ्या घालतो. तुमचा घरखर्च हलतो.

आमच्याकडे फीडबॅकचे गठ्ठे माझ्या कपाटात यायचे, तेव्हा कागदावर भरून घेत. गणिताच्या एका बाईंना पाचपैकी सरासरी २.१ पडले. शेऱ्यांत काय? ‘खूप टेस्ट घेतात.’ ‘वही तपासतात.’ एकाने तर लिहिलं होतं, ‘मागच्या बाकावर पण येतात.’ संचालकांनी आकडा वाचला, शेरे वाचले नाहीत. पुढच्या सत्रात बाईंकडून एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) काढून ड्रॉइंगचे प्रॅक्टिकल दिले. त्या वर्षी एम-थ्रीचे केटीवाले, म्हणजे नापास होऊन विषय पुन्हा देणारे, इतके झाले की परीक्षा फॉर्मची रांग जिन्यापर्यंत गेली. ती रांग माझ्याच खिडकीसमोर होती.

फीडबॅक बंद करा असं मी म्हणणार नाही. बार्शीच्या मुलीला सहा आठवडे तास मिळाला नाही हे सांगायला तिच्याकडेही काहीतरी हवं. पण प्रश्न बदला. ‘शिक्षक कसे वाटले?’ हा हॉटेलचा प्रश्न. विचारायचं ते असं : ठरलेल्या तासांपैकी किती झाले? चाचणीचे पेपर तपासून परत मिळाले का, किती दिवसांनी? कुठला घटक शिकवायचा राहिला? शंका विचारली तर उत्तर मिळालं का? याची उत्तरं मुलं सहसा खोटी देत नाहीत, कारण त्यात आवडीनिवडीला जागाच नसते. आणि ती हजेरीपटाशी पडताळता येतात. आयएमपी दिले की नाही, हे त्यात कुठेच बसत नाही.

हे चार प्रश्न तुमच्या विभागप्रमुखांना आणि आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) समन्वयकांना लेखी सुचवा. नॅकची (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या तपासणीची) तयारी सुरू असेल तर लगेच सुचवा, त्या दिवसांत कागदाला किंमत असते. एकटीने नको, सीएचबीवरच्या दोघा-तिघांनी मिळून. आणि सत्र सुरू होताच स्वतःची एक वही घाला : तारीख, तास, घटक, हजर किती, पेपर कधी परत दिले. आठवड्याला पाच मिनिटं लागतात. सरासरीचा आकडा कुणी तुमच्यासमोर सरकवला तर तुम्ही वही सरकवा.

‘आम्ही पाच देतो’ म्हणणाऱ्यांना मात्र मी काय उत्तर दिलं असतं ते सांगते. आयएमपी एकदाच, पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून टाकायचे : एक ते सहा, सगळे युनिट.